जुनी चाल, नवा हात: कोलकात्याच्या गिटारचा इतिहास

विसाव्या शतकाच्या मध्यावर कोलकात्याच्या मध्यमवर्गीय बंगाली घरात ‘गिटार’ म्हटले की बहुधा हवाईयन गिटारच समजली जाई. ही गिटार मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवर सरकवत वाजवतात. छातीशी धरून बोटांनी तारा दाबायची स्पॅनिश गिटारही शहरात होती. मात्र तिचे जग पार्क स्ट्रीटची हॉटेले, अँग्लो-इंडियन वस्त्या आणि चर्चच्या आवारातले नाच यांच्यापुरते होते. हवाईयन गिटार गल्लीतल्या संगीतवर्गात शिरली, सरस्वतीपूजेच्या मंडपात वाजली आणि आकाशवाणीवर रुळली. तिच्यावर मुख्यतः गाण्यांच्या चाली वाजत. रवींद्रसंगीत, नझरुलगीती, ‘आधुनिक’ म्हणून ओळखली जाणारी बंगाली भावगीते आणि हिंदी चित्रपटगीते हा या वाद्याचा संसार होता.

ऐकणाऱ्याला आधीच पाठ असलेली चालच या वाद्यावर वाजायची, ही गोष्ट या इतिहासात फार महत्त्वाची आहे. वादकाने नवी धून बांधली तर तिच्यातली चूक कोणाला कळत नाही. रवींद्रनाथांचे गाणे वाजवले तर खोलीतल्या प्रत्येकाला ती कळते. त्यामुळे कोलकात्याचे गिटारवादन जुन्या चालींकडे पुन्हा पुन्हा येत राहिले, आणि हात किती तयार झाला याचा पडताळाही त्याच चालींवर होत गेला. एका वादकाच्या आयुष्याला हे लागू आहे, तसेच तीन पिढ्यांच्या वाटचालीलाही.

हे वाद्य आले पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवरून. ओआहू बेटावरच्या लाइए गावचा जोसेफ केकुकू, जन्म १८७४, याने शाळकरी वयातच गिटारच्या तारांवर पोलादाचा तुकडा सरकवून वाजवण्याची पद्धत घडवली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. गॅब्रिएल डेव्हियन नावाच्या, भारतात जन्मलेल्या एका खलाशी तरुणाने त्याच्याही आधी हवाईत तारेवर वस्तू सरकवून सूर काढले होते, अशीही एक कथा तिथे सांगतात. तिला भक्कम आधार नाही. तारेवर वस्तू सरकवूनच वाजवल्या जाणाऱ्या विचित्रवीणा आणि गोट्टुवाद्यम् यांच्या देशातून ती कल्पना गेली असेल, असे भारतीय वाचकाला वाटणे मात्र स्वाभाविक आहे. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भरलेल्या मोठ्या प्रदर्शनात हवाईयन मंडळींनी वादन केले, त्यानंतर अमेरिकेत या सुरावटींचे वेड पसरले आणि ध्वनिमुद्रिकांमधून ते जगभर गेले.

कोलकाता या लाटेच्या वाटेवरच होते. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्गने याच शहरात गौहरजानचे गाणे मुद्रित केले. ग्रामोफोन कंपनीने १९०८ मध्ये सियालदहला तबकड्यांचा कारखाना काढला आणि पुढे तो दमदमला नेला. २६ ऑगस्ट १९२७ रोजी गार्स्टिन प्लेसमधून नभोवाणी केंद्र सुरू झाले. चौरंगीवरचे ग्रँड हॉटेल आणि फिर्पोज यांसारख्या जागी परदेशी वाद्यवृंद महिनोन्‌महिने मुक्काम ठोकत. जहाजाने सिंगापूर-रंगूनकडे जाणाऱ्या किंवा तिकडून येणाऱ्या कलावंतांना कोलकाता टाळून पुढे जाणे परवडत नसे. नवे वाद्य कानी पडावे, त्याची तबकडी मिळावी आणि ते वाजवणारा माणूसही समोर दिसावा, या तिन्ही सोयी एकाच ठिकाणी असलेली शहरे आशियात त्या काळी थोडीच होती.

या प्रवासी कलावंतांतला कोलकात्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा माणूस म्हणजे ताउ मो. त्याचा जन्म १९०८ चा, सामोआतला. तो वाढला मात्र केकुकूच्याच लाइए गावात. विशीत असताना तो आणि त्याची गायिका पत्नी रोझ ‘मॅडम रिव्हिएर्स हवाईयन्स’ या मंडळीबरोबर आशियाच्या दौऱ्यावर निघाले. हा प्रवास पुढे पन्नासएक वर्षे चालू राहिला. १९२९ मध्ये टोकियोत त्यांनी काही हवाईयन गाणी मुद्रित केली. या गाण्यांचा संदर्भ पुढे येईल. १९४० च्या दशकात मो कुटुंब काही वर्षे कोलकात्यात राहिले आणि ग्रँड हॉटेलमध्ये कार्यक्रम करत राहिले. तो दुसऱ्या महायुद्धाचा काळ होता. शहर ब्रिटिश आणि अमेरिकन सैनिकांनी भरले होते. शिकागोहून निघून आशियाभर फिरलेला पियानोवादक टेडी वेदरफर्ड याच हॉटेलात वाजवत होता आणि १९४५ मध्ये याच शहरात पटकीने वारला. दुष्काळ, ब्लॅकआउट आणि रात्री उशिरापर्यंत चालणारे नाच हे सारे एकाच काळात, काही मैलांच्या आत घडत होते, हे विसरून त्या संगीताकडे पाहता येत नाही.

स्थानिकांपैकी गार्नी निस हा या वाद्याचा पहिला नामवंत वादक. त्याचा ‘अलोहा बॉइज’ हा वृंद १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून शहरात वाजू लागला, नभोवाणीवर ऐकू येऊ लागला आणि त्याच्या तबकड्याही निघाल्या. ताउ मोच्या वादनाचा त्याच्यावर मोठा प्रभाव होता. निसने आयुष्यभर हवाईची गाणी हवाईच्या ढंगातच वाजवली. १९४७ नंतर अँग्लो-इंडियन आणि इतर छोट्या समाजांतली अनेक कुटुंबे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाकडे निघून गेली, तसा त्या ढंगाचा श्रोता आटत गेला. वाद्य मात्र तोवर बंगाली हातांत आले होते.

बंगालीत हे वाद्य रुजवणाऱ्यांत सुजित नाथ यांचे नाव आधी घ्यावे लागते. त्यांच्याकडे शिकलेल्यांपैकी काझी अनिरुद्ध हे कवी काझी नझरुल इस्लाम यांचे धाकटे चिरंजीव. जन्म १९३१, मृत्यू १९७४. नझरुल १९४२ मध्ये आजारी पडले, त्यांची वाचा गेली आणि १९७६ पर्यंतचे उरलेले आयुष्य त्यांनी मूकपणे काढले. त्यांच्या हजारो गाण्यांच्या चाली शिष्यांच्या गळ्यांत आणि तबकड्यांत विखुरल्या होत्या. अनेक चाली गाणाऱ्यागणिक बदलू लागल्या होत्या. अनिरुद्धांनी वडिलांची गाणी गिटारवर वाजवली आणि त्यांच्या स्वरलिपीही तयार केल्या. जुन्या चालीकडे परतणे हा त्यांच्यासाठी केवळ सरावाचा भाग नव्हता, गमावत चाललेला ठेवा सांभाळण्याचे ते काम होते. वादक आणि स्वरलिपीकार एकाच माणसात असणे किती उपयोगाचे असते, याचे इतके चांगले उदाहरण भारतीय वाद्यसंगीतात क्वचितच सापडेल.

बटुक नंदी यांचे नाव रवींद्रसंगीताच्या गिटारवादनाशी जोडले गेले, तर सुनील गांगुली यांनी विजेच्या हवाईयन गिटारवर हिंदी चित्रपटगीते वाजवून भारतभर, आणि सीमेपलीकडेही, श्रोते मिळवले. महाराष्ट्रातल्या वाचकाला ही परंपरा परकी वाटू नये. प्रभाकर जोगांच्या ‘गाणाऱ्या व्हायोलिन’ने मराठी भावगीते शब्दांवाचून घराघरांत नेली, त्याच जातीचे काम बंगालमध्ये गिटारने केले. मुंबईत व्हॅन शिपले आणि हजारा सिंग यांनी हेच वाद्य चित्रपटसंगीतात आणले. उलट दिशेनेही एक माणूस गेला. मुंबईत वाढलेले पारशी वादक व्ही. बालसारा १९५४ मध्ये कोलकात्याला गेले, तिथेच स्थायिक झाले आणि पियानोसारख्या कळपट्टीच्या वाद्यांवर रवींद्रनाथांची गाणी वाजवत बंगाली श्रोत्यांचे लाडके झाले. गाण्याची चाल शब्दांविना ऐकण्याची सवय त्या शहराला किती लागली होती, हे यावरून दिसते.

हवाईयन गिटार बंगाली गाण्याला इतकी मानवली, याचे कारण तिच्या रचनेत आहे. तारा लाकडी पट्टीपासून वर उचललेल्या असतात. त्या पट्टीला टेकत नाहीत. त्यामुळे पट्टीवरचे पडदे केवळ जागा दाखवणाऱ्या खुणा उरतात. कांडी एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकते तेव्हा मधले सारे नाद ऐकू येतात, म्हणजेच मींड आपोआप मिळते. हार्मोनियम किंवा पियानोवर ती मिळत नाही. रवींद्रनाथांच्या टप्पा अंगाच्या, तालाविना गायच्या गाण्यांत तर मींड हाच प्राण आहे. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या घालून तारा छेडल्या जातात. सूर लांबवायचा असेल तर छेड एकदाच द्यायची आणि कांडी हळूच पुढे न्यायची. गळ्यातून निघणाऱ्या लांब ओळीच्या इतके जवळ जाणारे आणि तरीही थोड्या महिन्यांत निदान सुरावट वाजवता येईल असे दुसरे तंतुवाद्य त्या काळी सामान्य घराच्या आवाक्यात नव्हते. सतार, सरोद यांना अशी लवकर फळ देण्याची सवय नाही.

सुरुवात जितकी सोपी, तितकेच पुढे जाणे अवघड. सुमारे ६३ सेंटिमीटर लांबीच्या तारेवर पहिल्या अर्धस्वराची जागा सुमारे साडेतीन सेंटिमीटरची असते. तीच बाराव्या खुणेपाशी, म्हणजे वरच्या सप्तकाच्या तोंडाशी, सुमारे १८ मिलिमीटरवर येते. तिथे कांडी ४ मिलिमीटर पुढेमागे झाली की सूर जवळजवळ एका श्रुतीने हलतो. पडद्याची खूण डोळ्यांना नेमकी दिसते, पण वादक वरून, किंचित तिरका पाहत असतो. म्हणून डोळ्यांवर विसंबणारा वादक हमखास बेसूर होतो. तिसरी अडचण अशी की, एका तारेवरून दुसऱ्या तारेवर जाताना आधीची तार वाजत राहते. ती तळहाताच्या कडेने वेळेवर दाबावी लागते. नवशिक्याच्या वादनात जो गढूळपणा जाणवतो, तो बहुतेक या न दाबलेल्या तारांचा असतो.

आणखी एक दोष फार सूक्ष्म आहे आणि त्याचे मूळ हवाईच्या ढंगातच आहे. कांडी सतत थरथरवून प्रत्येक सुराला कंप देणे हे हवाईयन वादनाचे सौंदर्य. बंगाली गाण्यात तोच कंप सरसकट वापरला की सारी गाणी एकसारखी, मधाळ आणि थोडी केविलवाणी वाटू लागतात. कसलेला वादक बहुतेक स्वर निश्चल ठेवतो आणि कंप एखाद्याच थांब्याला देतो. एकाच गाण्याचे सुरुवातीचे आणि काही वर्षांनंतरचे वादन शेजारी ठेवून ऐकले, तर प्रगतीची पहिली खूण बहुधा इथेच सापडते. वेग वाढलेला नसतो, दागिनेही वाढलेले नसतात. स्वर मात्र स्वस्थ झालेले असतात.

अशी तुलना शक्य झाली, कारण चाली ठरलेल्या होत्या. रवींद्रनाथांनी दोन हजारांहून अधिक गाणी रचली. त्यांच्या चाली ‘स्वरवितान’ या साठाहून अधिक खंडांच्या मालेत ज्योतिरिंद्रनाथ ठाकुरांनी रूढ केलेल्या आकारमात्रिक पद्धतीने लिहून ठेवल्या आहेत. काही गाण्यांना दोन चाली आहेत, त्याही ‘सुरांतर’ म्हणून नोंदल्या गेल्या. २००१ च्या अखेरपर्यंत या गाण्यांचा स्वामित्वहक्क विश्वभारतीकडे होता आणि ध्वनिमुद्रणाला तिच्या संगीत मंडळाची मान्यता लागे. मंडळाचा काच किती होता, हे देवव्रत विश्वासांसारख्या थोर गायकाच्या अनुभवावरून सगळ्या बंगालला ठाऊक आहे. वाद्यमेळाच्या आणि गायकीच्या प्रश्नांवरून त्यांची काही मुद्रणे नाकारली गेली आणि अखेर त्यांनी रवींद्रसंगीत मुद्रित करणेच सोडले. एका मोठ्या गळ्यावर झालेला तो अन्याय होता, याबद्दल आज फारसे दुमत नाही.

गिटारवादकाला याच कडकपणातून एक वेगळा लाभ झाला. चाल बदलण्याची मुभा नाही म्हटल्यावर जी काही भर घालायची ती सुराच्या आत घालावी लागते. छेड किती जोरकस असावी, मींड किती सावकाश घ्यावी, श्वास कुठे सोडावा, याचाच विचार उरतो. स्वरलिपीत स्वर आणि मात्रा असतात, स्वरांमधली वाट तिथे लिहिलेली नसते. ती वाट शिकणारा गुरूच्या हातातून आणि कनक दास, सुचित्रा मित्र, कणिका बंद्योपाध्याय यांच्यासारख्या गायिकांच्या तबकड्यांतून उचलतो. पाच वर्षांनी पुन्हा तेच गाणे घेतले, की लिपी तीच असते आणि वाट निराळी दिसते. तिथेच शिकणाऱ्याला स्वतःची वाढ कळते.

कोलकात्यातल्या संगीतवर्गांत ‘गानेर खाता’, म्हणजे गाण्यांची वही, हे शिक्षणाचे मुख्य साधन होते. गुरू हाताने स्वरलिपी उतरवून देत. वही भरत जाई, पण जुनी पाने बाद होत नसत. पुढच्या इयत्तेचा विद्यार्थीही अधूनमधून पहिल्या पानांकडे वळे, कारण पाहुण्यांपुढे, पूजेच्या मंडपात किंवा पंचविशे वैशाखाच्या, म्हणजे रवींद्रजयंतीच्या, कार्यक्रमात मागणी होई ती त्याच ओळखीच्या गाण्यांची. पाश्चात्त्य पद्धतीच्या शाळांत नेमका उलटा क्रम असतो. १९१५ मध्ये फिलिप सांद्रे यांनी स्थापलेल्या कलकत्ता स्कूल ऑफ म्युझिकसारख्या संस्थांत विद्यार्थी परदेशी परीक्षांच्या पायऱ्या चढतो. एक पायरी झाली की तिचे तुकडे मागे पडतात. दोन्ही पद्धतींचे गुण आहेत. तरीही आपली प्रगती आपल्याच कानांनी ओळखण्याची सवय वहीच्या पद्धतीत अधिक लागते, असे म्हणणे भाग आहे. परीक्षा वादकाला सांगते की तो पुढे गेला. जुने गाणे ते ऐकवते.

वाद्यही या काळात बदलले. विजेवर चालणारी जगातली पहिली यशस्वी गिटार १९३० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत तयार झाली, आणि ती हवाईयन पद्धतीचीच होती. लाकडी पोटाच्या गिटारचा सूर लवकर विझतो. चुंबकाच्या साहाय्याने उचललेला सूर लांबतो, आणि लांब सूर म्हणजे लांब मींड. सुनील गांगुलींच्या पिढीचे वादन या लांबलेल्या सुरावर उभे आहे. कोलकात्यात लालबाजार आणि रवींद्र सरणी, म्हणजे जुना चितपूर रस्ता, या भागात वाद्यांची दुकाने दाटीवाटीने वसली आहेत. त्याच शहरात गिव्हसन, हॉबनर अशा नावांच्या गिटारी तयार होऊ लागल्या आणि देशभर विकल्या गेल्या. बंगालच्या दमट हवेत स्वस्त गिटारची मान वाकते आणि तारा पट्टीपासून वर जातात. स्पॅनिश वादकाची बोटे त्याने सोलून निघतात. हवाईयन वादकाला मात्र तारा वर उचललेल्याच हव्या असतात. वाकलेल्या मानेच्या गिटारींनाही त्यामुळे एक दुसरे आयुष्य मिळे.

स्पॅनिश गिटारच्या जगात जुन्या चालीकडे परतण्याची रीत निराळी होती. १९५० ते १९७० च्या दशकांत पार्क स्ट्रीटवरच्या ट्रिंकाज, मोकॅम्बो, ब्लू फॉक्स इथे रोज रात्री वाद्यवृंद वाजत. गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस आणि दार्जिलिंगहून आलेले पियानोवादक लुई बँक्स यांनी ब्लू फॉक्समध्ये जॅझचा खरा श्रोता घडवला. बेंगळूरुचे कार्लटन किटो त्याच जगातले गिटारवादक. चार्ली ख्रिश्चन या अमेरिकन वादकाच्या तबकड्या ऐकून ते स्वतःच शिकले. १९४० च्या दशकातली बीबॉप ही शैली त्यांनी निवडली आणि ती कधी सोडली नाही. जॅझमध्ये चाल थोडक्यात सांगितली जाते, मग तिच्या स्वरसंगतीवर वादक नवी सुरावट रचतो. बत्तीस मात्राखंडांचा तोच साचा हजार वेळा वाजवायचा आणि दर वेळी त्यातून वेगळी वाट काढायची. रागाची बंदिश आयुष्यभर गाणाऱ्या गवयाला हे समजावून सांगावे लागणार नाही. पार्क स्ट्रीटचा तो बहर ओसरला, सहकारी मुंबईला किंवा परदेशी गेले. किटो कोलकात्यातच राहिले, शिकवत राहिले आणि तेच जुने तुकडे वाजवत राहिले. सुशील कुरियन यांच्या ‘फाइंडिंग कार्लटन’ या माहितीपटामुळे उशिरा का होईना, त्यांची नोंद झाली. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले.

तिसरी वाट रागसंगीताची. जोधपूरचे ब्रिजभूषण काबरा, १९३७ ते २०१८, यांनी हवाईयन गिटारवर चिकारीची तार जोडली आणि अली अकबर खाँसाहेबांकडे तालीम घेऊन या वाद्यावर आलाप-जोड-झाला मांडला. अली अकबर खाँसाहेबांनी १९५६ मध्ये कोलकात्यातच आपले संगीत महाविद्यालय सुरू केले होते, म्हणजे या वाटेचे एक मूळही याच शहरात आहे. १९६७ मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर काबरांनी केलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका महाराष्ट्रातही घरोघरी वाजली.

काबरांचे शिष्य देबाशिष भट्टाचार्य कोलकात्याचे. त्यांचा जन्म १९६३ चा, आई-वडील दोघेही गायक. वयाच्या तिसऱ्या वर्षी घरातली हवाईयन गिटार त्यांच्या हाती आली आणि चौथ्या वर्षी ते आकाशवाणीवर वाजले. पुढे त्यांनी स्वतःच्या गरजेनुसार वाद्ये घडवली. चतुरंगीला चिकारी आणि तरफांसह चोवीस तारा आहेत, गांधर्वीला चौदा आणि मुलीचे नाव दिलेल्या आनंदीला चारच. तारा वाढल्या तशा कांडीच्या हाताला नव्या जबाबदाऱ्या आल्या. तानेचा वेग, गमकाचा जोर आणि एका छेडीत तीन-चार स्वर घेण्याची क्षमता या बाबतीत त्यांनी हे वाद्य जिथे नेले, तिथे निस किंवा सुजित नाथ यांच्या पिढीतले कोणी पोहोचले नव्हते. हे मान्य करताना त्या पिढीचे ऋणही मान्य करावे लागते, आणि भट्टाचार्य स्वतः ते करतात. २००८ च्या त्यांच्या ‘कलकत्ता क्रॉनिकल्स’ला ग्रॅमीचे नामांकन मिळाले. त्यानंतर काही वर्षांनी त्यांनी ‘हवाई टू कलकत्ता’ ही ध्वनिमुद्रिका ताउ मोच्या स्मरणार्थ केली. रागसंगीतातून फिरून आलेला हात तिथे पुन्हा हवाईच्या ढंगाकडे वळला आहे.

ताउ मोनेही असेच केले होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तो आणि रोझ लाइएला परतले. बॉब ब्रोझमन हा अमेरिकन वादक आणि संग्राहक त्यांच्या १९२९ च्या टोकियोतल्या तबकड्या आवडीने ऐकत असे, पण ती माणसे हयात आहेत हे त्याला ठाऊक नव्हते. योगायोगाने त्यांची गाठ पडली. मग तीच जुनी गाणी त्या कुटुंबाने ब्रोझमनबरोबर नव्याने मुद्रित केली आणि १९८९ मध्ये ती अमेरिकेत प्रसिद्ध झाली. साठ वर्षांच्या अंतराने तीच माणसे तीच गाणी गातात-वाजवतात, अशी दुसरी मुद्रणे जगात फार नसतील. आवाज वयाने जाड झालेले आहेत, पण चालीची घडण अधिक मोकळी आणि निश्चिंत आहे. याच ब्रोझमनने पुढे भट्टाचार्यांबरोबर ‘महिमा’ ही ध्वनिमुद्रिका केली. लाइए आणि कोलकाता यांचा संबंध असा दोनदा जुळला.

१९९० च्या दशकात कोलकात्याच्या घरांत स्पॅनिश गिटार पुढे आली. १९९२ मध्ये सुमन चट्टोपाध्याय, आजचे कबीर सुमन, यांची ‘तोमाके चाइ’ ही ध्वनिफीत निघाली आणि एकटा माणूस एका गिटारवर बंगाली गाणे उभे करू शकतो, हे हजारो मुलांना दिसले. त्यांच्या आधी, १९७० च्या दशकाच्या मध्यात, गौतम चट्टोपाध्याय आणि सोबत्यांनी ‘मोहिनेर घोडागुली’ हा वृंद काढला होता. १९७७ मध्ये त्यांची पहिली तबकडी आली, १९८० च्या दशकाच्या आरंभी वृंद मोडला आणि गाणी विस्मरणात गेली. १९९५ मध्ये गौतम यांनी तरुण गायक-वादकांना हाताशी धरून ‘आबार बोछोर कुडी पोरे’ हा संच काढला. नव्या गाण्यांच्या जोडीला वृंदाची जुनी गाणीही त्यात नव्या हातांनी वाजली. आधी ज्या गाण्यांना श्रोता मिळाला नाही, त्यांना या वेळी मिळाला. आज कॉलेजच्या पायऱ्यांवर गिटार घेऊन बसणारी बंगाली मुले त्यातली गाणी वाजवूनच शिकतात.

हवाईयन गिटारचे वर्ग त्या लाटेत ओसरले. काही वयस्क गुरू अजून शिकवतात, काही घरांत माळ्यावर पेटी आहे आणि पेटीत नख्या व कांडी आहे. या परंपरेचा खरा पुरावा मात्र तबकड्यांत, आकाशवाणीच्या फितींत आणि हाताने लिहिलेल्या वह्यांत आहे. जाधवपूर विद्यापीठाच्या स्कूल ऑफ कल्चरल टेक्स्ट्स अँड रेकॉर्ड्सने उत्तर हिंदुस्थानी संगीताच्या ध्वनिमुद्रणांचा मोठा संग्रह उभा केला आहे. गिटारवरच्या रवींद्रसंगीताला आणि नझरुलगीतीला तितकीच पद्धतशीर जागा मिळायला हवी. संगीताच्या इतिहासात वाद्यावरची गाणी दुय्यम मानली गेली आणि त्यामुळे ती कोणी जपली नाहीत. सुनील गांगुली, बटुक नंदी किंवा व्हॅन शिपले यांच्या तबकड्या महाराष्ट्रातल्या घरांतही असतील. त्या ज्यांच्याकडे आहेत त्यांनी त्या रद्दीत देऊ नयेत. वेष्टनासह जपाव्यात, शक्य असेल तर त्यांची प्रत करून एखाद्या ग्रंथालयाला किंवा संग्रहाला द्यावी.